गेंदूच्या डोळ्यातलं कुसळ

गेंदू झोपायचा तो उघड्या डोळ्यांनी. त्यामुळे त्या सकाळी त्याचा डावा डोळा मिटलेला दिसला, तेव्हा ही झोप नव्हे, काहीतरी बिघडलंय, हे गोमतीबाईच्या लगेच ध्यानात आलं.

तिनं त्याला उचलून ओट्यावर उजेडात आणलं. डोळ्यातून पाणी गळत होतं, भोवतीचे पांढरे केस ओले होऊन चिकटले होते. तो सारखा पुढच्या पायानं डोळा चोळत होता आणि बारीक शिट्टीसारखा आवाज काढत होता.

गेंदू तिच्या घरी आला होता तो एका खेळवाल्याकडून. अनसिंगच्या बाजारात हा माणूस जमिनीवर गोल रिंगण करून आकडे टाकलेली लहान लहान घरं मांडायचा आणि मधोमध टोपल्याखाली हे जनावर ठेवायचा. टोपलं उचललं की ते पळत ज्या घरात शिरेल तो आकडा जिंकला. खेळवाल्याला अनसिंगातच हिवताप भरला. गोमतीबाईचा नवरा गोविंदसिंग यानं त्याला गोठ्यात जागा दिली, गोमतीबाईनं पेज करून पाजली. बरा झाल्यावर जाताना तो हे जनावर तिच्या ओटीत घालून गेला. "बिलायती हाये, बाई. घास-पाला खाते," एवढंच त्याला सांगता आलं. नाव काय, जात काय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. गेंदासारखं गोल म्हणून तिनंच गेंदू नाव ठेवलं.

"डोळ्यात काहीतरी गेलं हाये," ती नवऱ्याला म्हणाली. "नानीबाईले बोलावून आणा नं."

नानीबाई शेजारच्या आळीतली म्हातारी. खळ्याच्या दिवसांत कुणाच्या डोळ्यात भुसा नाहीतर कुसळ गेलं की सारं गाव तिच्याकडे यायचं. ती पापणी उलटी करायची आणि जिभेच्या शेंड्यानं हलकेच कुसळ उचलून घ्यायची. माणसं उठून तशीच कामाला जायची.

नानीबाई आली, पण हातभर अंतरावरच थांबली.

"आधी हे सांग गोमती, हा उंदीर हाये का ससा?"

"त्याचं काय काम?"

"काम कसं नाई वं? ससा असन तं मी जीभ लावीन. उंदराच्या डोळ्याले नाई लावत, बाई."

गोविंदसिंग खाली बसला. "दात तं उंदराचेच हायेत."

"पण शेपूट कुठं हाये?" गोमतीबाई म्हणाली.

"मंग कान पाह्य. सशाचे असे असतेत का?"

नानीबाईला राहवलं नाही. ती जवळ सरकली आणि तिनं बोटानं त्याचा पाय उचलून पाहिला. "आवो, हे पाहा. पुढच्या पायाले चार बोटं, अन् मागच्याले तीनच!"

तिघंही त्या पायांवर वाकली. गोविंदसिंगनं बोटं पुन्हा मोजली. मांजर, मुंगूस, घूस, सगळ्यांची नावं निघाली आणि एकही जुळेना. तेवढ्यात गेंदूनं पुन्हा डोळा चोळला.

"तुमचा निवाडा होयेस्तोवर त्याचा डोळा जाईन," गोमतीबाई चिडून म्हणाली.

गोविंदसिंगला दुसऱ्या दिवशी कापूस घेऊन वाशीमला जायचंच होतं. तिथल्या धर्मशाळेत अकोल्याचा डोळ्यांचा डॉक्टर मोतीबिंदू काढायला आल्याचं त्यानं ऐकलं होतं. तो माणसांचा डॉक्टर आहे हे खरं, पण डोळा तो डोळा, असं गोमतीबाईला वाटलं. पहाटे ती टोपली मांडीवर घेऊन बैलगाडीत बसली. बघते तर नानीबाई लुगडं सावरत गाडीत चढत होती.

"तुमी कायले, नानीबाई?"

"मले पाहाचं हाये, डाक्टर काय म्हनते ते. उंदीर का ससा."

धर्मशाळेच्या पडवीत डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या बांधलेली माणसं ओळीनं बसली होती. गोमतीबाईची पाळी आली, तेव्हा डॉक्टरनं तिच्याच डोळ्यांत पाहिलं. तिनं टोपलीवरचं फडकं काढलं.

"अरे!" डॉक्टर उठून उभाच राहिला. "हा इथे कसा?"

"वळखता तुमी याले?" गोमतीबाईनं विचारलं.

"कॉलेजात यांचे पिंजरेच्या पिंजरे असायचे. नवं औषध आधी यांना टोचून बघायचं, मग माणसांना. याला गिनीपिग म्हणतात. पिग म्हणजे डुक्कर."

"डुक्कर!" गोविंदसिंग एक पाऊल मागे सरला.

"नावापुरतं हो. खुर कुठे आहेत त्याला? हा उंदराच्याच लांबच्या गोतातला."

"पाह्य, गोमती," नानीबाई हळूच म्हणाली. "बरं झालं जीभ नाई लावली."

पडवीत हशा पिकला, पण डॉक्टर आता गंभीर झाला होता. "एवढे जीव हाताखालून गेले," तो म्हणाला, "पण यातल्या एकाचाही डोळा मी बरा केलेला नाही. बघू या."

त्यानं गेंदूला पंच्यात घट्ट गुंडाळायला लावलं. डोळा बधिर करायचा थेंब टाकला, थोडा वेळ थांबला आणि खालची पापणी ओढली. ओल्या कापसाच्या टोकावर बारीकसं कुसळ निघून आलं. गोमतीबाईला वाटलं, सुटलं. पण डॉक्टरनं एक नारिंगी थेंब त्या डोळ्यात सोडला आणि लगेच पाण्यानं धुतला.

"आता बघा," तो भिंग पुढे करत म्हणाला.

बुबुळावर एक हिरवी रेघ चमकत होती, भाताच्या कोंबासारखी हिरवीगार.

"औषध तं नारिंगी होतं! हिरवं काहून झालं?" गोमतीबाईनं विचारलं.

"डोळ्यात पडल्यावर त्याचा रंग तसा दिसतो. आणि बुबुळाची वरची कातडी सोलली असेल तिथेच तो धरतो. ही जखम आहे."

भिंग हातोहाती फिरलं. सगळ्यात जास्त वेळ ते नानीबाईच्या हातात राहिलं.

"म्हंजे कुसळ निघालं तरी मांगं हे राह्यते?" तिनं विचारलं.

"राहतं. आणि त्यात घाण गेली तर डोळा जातो. तुम्ही कुसळं काढता वाटतं?"

नानीबाईनं बोटांत काडी धरून हवेतच पापणी उलटायची तऱ्हा दाखवली. डॉक्टरनं ती दोनदा करून दाखवायला लावली. "हात हलका आहे तुमचा. पण जीभ नको. ओला स्वच्छ कापूस घ्या आणि नंतर उकळून गार केलेल्या पाण्यानं डोळा धुवा."

त्यानं मलमाची डबी दिली. डोळ्यात मध घालू नका, दूध घालू नका, उन्हात ठेवू नका, चोळू देऊ नका, एवढं बजावलं.

घरी येताच गोमतीबाईनं गेंदूचं खोकं उपसलं. खाली सगळं वाळलेलं कुसळी गवत होतं, तिनंच मऊ बिछाना म्हणून घातलेलं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना मण्यांसारखे बाहेर आलेले. गवतात तोंड खुपसलं की आधी डोळाच पुढे जाणार, हे तिला आता दिसलं. तिनं ते गवत चुलीत घातलं आणि बांधावरची कोवळी हरळी आणून अंथरली.

मलम घालणं सोपं नव्हतं. पहिल्यांदा त्यानं तिच्या बोटाला दात लावले. मग तिला युक्ती सापडली: जुन्या धोतरात गुंडाळायचं आणि तोंडापुढे सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, काडी धरायची. तो कुरतडत बसला की मलम घालून व्हायचं.

हळूहळू पाणी थांबलं आणि डोळा उघडला. पण बुबुळावर पांढरा ठिपका राहिला होता.

"फूल पडलं," गोविंदसिंग म्हणाला. "गेला तो डोळा."

"कशावरून?"

तिनं डाव्या बाजूनं सांबार धरला. गेंदू गर्रकन वळला. "दिसते!" ती म्हणाली. मग थबकली. त्याला दिसलं की वास आला? तिनं हात धुतला आणि रिकामाच हात डाव्या बाजूनं हळू नेला. तो हलला नाही. मग तिनं दारातून येणाऱ्या उजेडात पदर धरला. सावली त्याच्या अंगावरून सरकताच तो दचकून कोपऱ्यात पळाला. उजव्या डोळ्यानं तर पाहिलं नसेल? तिनं तो तळहातानं झाकला आणि पुन्हा सावली पाडली. तो पुन्हा दचकला.

म्हणजे अंधार-उजेड कळत होता, पण हात कळत नव्हता. मग त्या डोळ्याला दुनिया दिसते तरी कशी? तिनं डावा गाल जमिनीला टेकवला आणि त्याच्या उंचीवरून घर पाहू लागली. जातं टेकडीएवढं दिसत होतं. चुलीपुढची राख वाळवंटासारखी पसरली होती.

गोविंदसिंग शेतातून आला आणि दारात घाबरून थांबला. "काय झालं वं? पडली का?"

"नाई. पाहून राह्यली."

"काय?"

"या नं, खाली."

त्यानं खांद्यावरचं वखर दाराशी टेकवलं आणि कण्हत कण्हत तिच्या शेजारी गाल टेकवला. गेंदू कोपऱ्यातून पुढे आला आणि दोघांच्या तोंडांमधल्या जागेत बसून मिशा हलवू लागला.