ऐंशी डाव्या बाह्या

कापडाचा तागा वरच्या फळीवरून माझ्या डोक्यात पडला, त्याला आठ महिने झाले. खोक महिन्याभरात भरली, पण दुखणं हटायचं नाव घेईना. शिलाई मशिनी सुरू झाल्या की डोक्यात घण बसायचे, वाकले की जमीन फिरायची. तपासण्या झाल्या, मेंदूत काही सापडलं नाही. "मग दुखतंय काय, माझं नशीब?" मी डॉक्टरीणबाईंवर खेकसले.

बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मार खराच बसलाय. पण मनात भीती, उदासी घर करून बसली की असं दुखणंही रेंगाळतं. दोन्ही खरी आहेत, दोन्हींवर इलाज आहे. हे प्रश्न घरी नेऊन खरं खरं भरा."

रडू येतं का? कामावर जायची भीती वाटते का? अहो, रजा घेण्याआधी कारखान्याच्या जिन्यापाशी माझे पाय रोज थिजायचे. न्हाणीघरात नळ सोडून मी रडायचे. मी 'हो'वर खूण करायला पेन टेकवलं आणि ताईने ते हिसकावून घेतलं.

"वेड लागलंय का तुला? डोकं दुखतं म्हण हवं तितकं. मनाचं लिहिलंस तर मालक म्हणेल, बाई भ्रमिष्ट झाली, हिच्या हातात कात्री कशाला द्यायची? वीस वर्षांची कापणीची मास्तरकी घालवशील."

नवरा गेल्यापासून मी ताईकडेच राहते. आठ महिने तिनेच माझं केलं. ती माझ्या वाइटावर थोडीच होती? मी सगळीकडे 'नाही'वर खुणा केल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं. "नक्की?"

"ठणठणीत," मी म्हणाले. त्यांनी पुन्हा कामावर जायला हरकत नाही असं लिहून दिलं.

सोमवारी मी कापणीच्या टेबलापाशी उभी राहिले. चाळीस थर, सगळ्यांची सुलट बाजू वर. अशा वेळी बाहीचा साचा एकदा सरळ आखायचा, एकदा पालथा घालून; म्हणजे डावी-उजवी जोडी निघते. नवशिक्या पोरींना पहिल्या दिवशी मीच हे शिकवते. पण माझं सगळं लक्ष डोक्यावरच्या फळीकडे. साचा पालथा घालायचा राहिला आणि मी कापून मोकळी झाले. ऐंशीच्या ऐंशी बाह्या डाव्या!

मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "मास्तर, डॉक्टरांनी तर लिहून दिलंय तुम्ही बऱ्या आहात म्हणून. मग हे मुद्दाम केलंत का?"

"भीती वाटते हो मला."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

काय सांगणार, कपाळ! उद्यापासून शिवलेल्या कपड्यांचे धागे कातरायला बसा, असं सांगून ते निघून गेले. टेबलापाशी मी शिकवलेली पोर उभी राहिली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

घरी आले ती चपलांसकट जमिनीवर बसले. "ताई, मास्तरकी गेली. आणि खरं सांगू? मला जगावंसंच वाटत नाही गं. कित्येक महिने झाले." पहिल्यांदाच बोलले मी हे कुणाजवळ.

ताईचे डोळे भरून आले. तिने आधी उठून खिडकी लावली, मग माझ्याजवळ बसली.

"हळू बोल," ती म्हणाली, "शेजारी ऐकतील."