नेव्हिल पेटीवर बसला

सामना ऐन रंगात आला होता आणि नेव्हिलचा कॉम्प्युटर एकदम गप्प झाला. पडदा काळा, पंखा बंद. व्हरांड्यातली सगळी मंडळी हातातलं सॉसेज तसंच धरून माझ्या नवऱ्याकडे बघायला लागली.

"गेला!" खाटीक गॉर्डी आनंदाने ओरडला.

हा कॉम्प्युटर नेव्हिलने स्वतः जुळवला होता. जन्मभर रस्त्यावर रोलर चालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात. त्याने दुरुस्त केलेलं धुण्याचं यंत्र धडधडत कुंपणापर्यंत गेलं होतं. कॉम्प्युटर मात्र सगळा हिवाळा चालला. तोही बिअर गार ठेवायच्या बर्फाच्या जुन्या पेटीत बसवलेला, कारण "चांगली पेटी टाकवत नाही."

हा खाण्यापिण्याचा बेत होता शेजारच्या क्लॅरीसाठी. बाबा एकटे राहू शकतात का, हे बघायला त्याची मुलगी जनेल ब्रिस्बेनहून आली होती. नाही म्हणाली असती तर क्लॅरीची रवानगी थेट वृद्धाश्रमात. त्याची नजर जात चालली होती. तो सांगत नव्हता आणि आम्हीही कळल्याचं दाखवत नव्हतो. दुपार तशी बरी चालली होती. एकदाच त्याने वाळत टाकलेल्या कोटाला "काय, कसं काय?" म्हणून विचारलं, तेव्हा कोटामागून मी घाईघाईने "मजेत" म्हणाले.

"भिंतीवरचं बटण तूच बंद केलंस," नेव्हिल माझ्यावर घसरला.

"चालूच आहे. डोळे उघडून बघ."

त्याने पाठीमागचं बटण खालीवर केलं. मग वायर उपसली आणि चहाच्या किटलीची वायर लावून पाहिली.

"आता चहा होईल त्यात!" गॉर्डी म्हणाला.

काही झालं नाही. "वरचं बटणच मेलं असणार," नेव्हिल पुटपुटला, "आतल्या दोन पिना जोडून बघतो." वायर काढून, स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याने झाकण उचललं. मी खांद्यावरून डोकावले.

आत बर्फ होता. बर्फात सगळ्या तारा बुडालेल्या आणि वर काळ्या बिअरचे डबे नीट ओळीने मांडलेले. आमच्याकडे ज्याने त्याने आपली बिअर आणायची, दिसेल त्या पेटीत ठेवायची आणि वर बर्फ ओतायचा. कोणी विचारत बसत नाही. पण काळी बिअर आमच्या रस्त्यावर एकटा क्लॅरीच पितो.

नेव्हिलने झाकण लावलं आणि त्यावर बसला.

"अरे, उघड की! बघू दे आम्हाला," गॉर्डी म्हणाला.

"नको. माझीच चूक. तार उलटी जोडली होती. जळला."

"म्हणजे धुण्याच्या यंत्राचा भाऊच निघाला!" सगळे खो खो हसले. जनेलही हसली. नेव्हिलचे कान लालबुंद झाले, पण तो हलला नाही.

"थांबा, माझी बिअर आणतो," म्हणत क्लॅरी उठला आणि हात पुढे करून पेटीकडेच निघाला.

"ती मी प्यायलो," नेव्हिल म्हणाला.

"सगळी?"

"सगळी."

"चोरा! आणि मला विचारलंही नाहीस?"

"बाबा, बसा हो," जनेल डोळे पुसत म्हणाली. "नेव्हिलकाका, तुमची करमणूक सोडून हे वृद्धाश्रमात कशाला जातील? राहू देत इथेच. फक्त तुमच्या यंत्रांना हात लावू देऊ नका."

जनेल गेली, मंडळी पांगली, तरी नेव्हिल बसूनच होता. पेटीतून पाणी झिरपून त्याची पँट भिजली होती. इतकी वर्षं मी त्याची चेष्टा करत आले. त्या संध्याकाळी मात्र मला त्याचा फार अभिमान वाटला. तसं मी म्हटलंही. तो म्हणाला, "टॉवेल दे."

सकाळी पाहते तर तो क्लॅरीच्या दाराशी गुडघ्यांवर बसून पायऱ्यांच्या कडांना पांढऱ्याशुभ्र रंगाचे जाड पट्टे मारत होता.

"हे काय नवीन?" क्लॅरीने वरून विचारलं.

"तुझी बिअर प्यायलो ना, त्याची भरपाई."

"मग नीट रंगव," क्लॅरी म्हणाला. "निदान हे तरी बिघडवू नकोस."