ढिली धाव

"बैल लंगडतोय तर लंगडू दे. गाडी माझ्या लॉरीमागं बांध, घटकाभरात गावात," बाजारात भोंगा गाडीवानाला म्हणाला.

भोंगा म्हणजे गाडीवानाचा मेहुणा. लॉरी घेतल्यापासून रस्त्यात कुत्रं असो नसो, हॉर्न दाबतच यायचा. गाडीवान वीस वर्षं गाव ते बाजार धान्य वाहत होता. त्याच्या चाकांना लोखंडी धाव मीच चढवायचो. मी लोहार. धाव लालबुंद तापवून लाकडी चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आवळतं, चाकाचे लाकडी आरे कण्हतात, चाक एकजीव होतं. पण ते चाक बैलाच्या चालीचं.

तेच मी सांगितलं. "ओढायची तर माणूस चालतो तशी ओढ."

"एवढं कळतं मला," भोंगा म्हणाला.

गाडीवानाच्या मनात नव्हतं. पण आभाळ भरून आलेलं, बारा पोती उघडी, बैल पाय टेकेना. शेवटी बैल बाजारात ठेवले, गाडी दोरानं लॉरीला बांधली. तो गाडीवर बसला, मी लॉरीत मागं, बाजारातून परतणाऱ्या माणसांत.

चढ संपेपर्यंत ठीक चाललं. सपाट रस्ता लागला तसा वेग वाढला. गाडीवान गाडीचा साटा धरून "हळू, हळू" म्हणत होता. त्याचं तोंड बघून लॉरीतली माणसं पोट धरून हसायला लागली. भोंग्यानं आरशात बघितलं आणि आणखी दामटली. मी केबिनवर मुठी आपटल्या. त्यानं हॉर्न वाजवून उत्तर दिलं.

आधी चाकाच्या मधल्या तुंब्यातून धूर निघाला. मग एक आरा मोडला, मग सगळेच. गाडी उलटली आणि पोत्यांसकट फरफटत गेली. थांबलो तेव्हा गाडीवानाचा उजवा पाय गाडीच्या कण्याखाली होता. गुडघ्याखाली पाय म्हणावं असं काही उरलं नव्हतं.

महिन्याभरानं, चूक कुणाची ते ठरवायला, शाळेच्या पटांगणात गाव बसलं. गाडीवानाची बायको उभी राहिली.

"धाव ढिली होती. आदल्या दिवशीच खडखडत होती," ती म्हणाली. माझ्याकडं बघितलं नाही. तिच्या भावानं, भोंग्यानं, त्यांचं घर चालवायचं कबूल केलंय, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी गाडीवानाला म्हणालो, "तू सांग. वर तू बसला होतास."

त्यानं कुबडीच्या टोकानं माती उकरली.

"ढिली होती," तो म्हणाला.

हसणारी माणसं तिथंच बसली होती. एकानंही तोंड उघडलं नाही.

त्यानंतर माझ्या भट्टीवर चाक आलं नाही. गाड्याही कमी होत गेल्या. दोन वर्षांत भाता बंद पडला. घरात दोन पोरी, म्हातारी आई. शेवटी भोंग्याच्याच दारात गेलो. त्याच्याकडं आता तीन लॉऱ्या होत्या.

"ये की, लॉरीच्या स्प्रिंगचे पाटे ठोकायला माणूस हवाच आहे," तो म्हणाला. "जुनं उगाळत बसू नकोस म्हणजे झालं."

भोंग्याच्या फाटकावर स्टूल टाकून गाडीवान बसायचा. फाटक उघडायचं, लावायचं, एवढंच काम. आम्ही बोलत नव्हतो.

एका दुपारी मी लॉरीखाली उताणा पडून पाट्याचे बोल्ट आवळत होतो. कुबडीचा आवाज जवळ आला, थांबला. मला त्याचा एकच पाय दिसत होता.

"बसला का घट्ट?"

"बसला."

"पुन्हा एकदा आवळ," तो हलक्या आवाजात म्हणाला. "काही झालं तर मला तुझंच नाव घ्यावं लागेल."

मी पाना लावला आणि पुन्हा आवळला.