नदीत जाऊन आलेला गोलपोस्ट

मित्रांनो, मी एक जुना, पिवळा गोलपोस्ट आहे. मला एक पाय आणि कायम वर केलेले दोन हात. अमेरिकेत, ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर मी बरीच वर्षं तसाच उभा होतो. समोर कुणी नाचलं, कुणी रडलं, मला काही वाटलं नाही. लोखंडाला वाटत नाही.

कारखान्यात मला वाकवलं, रंगवलं आणि इथे आणून सिमेंटात रोवलं. पानं लाल झाली की दर शनिवारी मॅच असायची, सकाळपासूनच पार्किंगमध्ये गाड्यांच्या मागे शेगड्या पेटायच्या. सॉसेज, बिअर, बँड. नदीपलीकडच्या कॉलेजला हरवलं की मला उपटून नदीत टाकायचं, असा इथला रिवाज. त्यामुळे मी सुखरूप होतो. आमचे जिंकतच नसत.

अर्ल टॅकेट दर मॅचला तोंडाला आमच्या संघाचा केशरी रंग फासून यायचा. त्याची बायको लॉर्ना बीन्स-खिम्याच्या चिलीचं पातेलं घेऊन यायची. थंडीने तिचे गुडघे धरायचे.

"त्या पलीकडच्यांना एकदा हरवलं, की आपण उबदार ॲरिझोनाला, लेकीकडे. कायमचे!" अर्ल म्हणायचा.

"हे तू माझे केस काळे होते तेव्हापासून सांगतोयस."

म्हणून मैदानात सगळ्यात मोठ्याने लॉर्नाच ओरडायची.

एकदा त्याच कॉलेजविरुद्ध शेवटच्या क्षणी आमच्या पोरांनी चेंडू रेषेपार नेला आणि बरोबरी झाली. आता नियमाप्रमाणे मिळालेली एक किक माझ्या दोन हातांमधून गेली की जिंकलो. पण अर्लला वाटलं, जिंकलोच! "उपटा रे!" म्हणत तोच पहिला माझ्यावर चढला. मागून सगळं कॉलेज. समोरच्या टोकाला माझा भाऊ, दुसरा गोलपोस्ट होता, त्याचे तर तुकडेच झाले. मी खांद्यांवरून थेट नदीत. पाणी गार होतं म्हणे.

लॉर्ना लंगडत काठावर आली. "गाढवांनो, बरोबरी झालीय! किक राहिलीय अजून!"

"मग मारा की!" अर्ल म्हणाला.

"कशातून? तुझ्या कानांमधून?"

मला ओला तसाच परत आणला. पंचांनी कपाळाला हात लावला. "धरून उभा करा. पण जागचा हलला, तर गुण नाही."

"अर्लकाका, घट्ट धरलंय ना?"

"धरलंय रे!"

"तो माझा पाय आहे, काका!"

किक बसली. चेंडू सरळ, अगदी मधोमध येत होता. इतका मधोमध, की गुण मिळाला की इथले लोक जे करतात, तेच सगळ्यांनी केलं. दोन्ही हात वर केले. एकदम.

मी आडवा झालो. चेंडू नुसत्या हवेतून गेला.

"खांब नाही, गुण नाही," पंच म्हणाले. जादा वेळेत आमचे हरले.

लॉर्नाने घडीची खुर्ची मिटली. "मी निघाले लेकीकडे."

"अगं, पण जिंकलो कुठे?"

"तू जिंकलास की ये."

आणि ती खरंच गेली.

आता मैदानात नवा गोलपोस्ट आहे. मी शेडमागे गंजतोय. शनिवारी अर्ल येतो, माझ्यावर बसून स्वतः केलेली अळणी चिली गारच खातो. पलीकडे बँड वाजतो. तो मान वर करत नाही.

मित्रांनो, आनंद झाला की जरूर नाचा. फक्त आपण काय धरून उभे आहोत, ते आधी बघा. मगच हात वर करा.