मावशीच्या हातचं

बिट्टीच्या उशाशी, भिंतीवर, चार म्हातारे चिकटवलेले होते. इतर मुलींच्या भिंतींवर नट होते, गायक होते, एकीकडे तर मांजराची पिल्लं होती. आमच्या बाईसाहेबांकडे मात्र रोगजंतूंच्या मागे हयात घालवलेली माणसं. त्यांना तिने टोपणनावंसुद्धा दिली होती. पटकीच्या साथीत घरोघर हिंडून, कोण कुठलं पाणी पितं हे विचारून, शेवटी एका सार्वजनिक पंपाचा दांडा काढायला लावणारा तो पंपवाला. बाळंतिणी डॉक्टरांच्याच हातांमुळे मरतात हे डॉक्टरांना तोंडावर सांगणारा, आणि शेवटी वेड्यांच्या इस्पितळात मेलेला, तो हातधुवा. क्षयाचा जंतू रंगवून जगाला दाखवणारा रंगारी, आणि पिसाळलेल्या कुत्र्यांच्या नादी लागलेला तो कुत्रेवाला.

"यातला एक तरी हसतोय का बघ," तिची खोलीतली मैत्रीण म्हणायची. ही पोरगी इतकी उंच की साऱ्या वसतिगृहात तिला जिराफ म्हणत. "सकाळी डोळे उघडले की वाटतं, तोंडी परीक्षेला बसलेय."

बिट्टी हसायची, पण मनातून तिला ते म्हातारे फार जवळचे होते. सूक्ष्मजीवशास्त्राचं शेवटचं वर्ष. आपणही एक दिवस असंच काहीतरी शोधून काढू, लोक आधी नाकं मुरडतील आणि मग मान्य करतील, अशी स्वप्नं. त्या वयात स्वप्नं बघायची नाहीत तर काय माशा मारायच्या? कॉलेजात 'माझं प्रेरणास्थान' या विषयावर भाषणं होणार होती, तर हिने महिनाभर आधीच भाषण घोटायला घेतलं होतं.

वसतिगृहाच्या भटारखान्यात मावशी होती. साऱ्या पोरी तिला मावशीच म्हणत, पण बिट्टीची ती सख्खी. आई गेली तेव्हा बिट्टी ओठांवरचं दूधही सुकलं नव्हतं एवढी, आणि मावशीने तिला उचलून आणली ती आणलीच. स्वतःचं लग्न, संसार, सगळ्यावर पाणी सोडलं. भटारखान्यामागची छोटी खोली तिला नोकरीबरोबर मिळाली होती. स्वच्छतेचं म्हणाल तर नाकावर माशी बसू देणार नाही अशी बाई. ओट्यावर पाण्याचा थेंब दिसला तर हाताखालच्या बायकांची धडगत नसे.

फक्त एक खोड होती. काकडी-गाजराचं सॅलड ती हातानेच कालवायची. तपासणीला कुणी आलं की हातमोजे चढवायची, आणि त्यांची पाठ वळली की काढून फेकायची. "रबरातून मीठ कळतं होय? आणि चमच्याने ढवळलं की काकडी रडायला लागते," असं तिचं शास्त्र. बोटांनी हलकेच वरखाली करायचं, एक फोड तोंडात टाकायची, पुन्हा चिमूटभर मीठ. पोरी बोटं चाटत खायच्या. जिराफ तर भात सोडून तेच खायची.

मग ताप सुरू झाले. आधी दोघी आजारी पडल्या, मग पाचसहा. परीक्षेला घाबरून ढोंग करतात, असं रेक्टरबाई म्हणाल्या. इस्पितळातून टायफॉइडचं निदान आलं तेव्हा बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. लगेच टाकी घासली, नळ बदलले, पाणी उकळायला सुरुवात झाली. मावशी पहाटेपासून पातेल्यांनी पाणी उकळत होती. ताप काही थांबेना. अशात जिराफनेही अंथरूण धरलं. ताप अंगावर काढून दोन दिवस वर्गात बसली, आणि मग एवढी उंच पोरगी जिन्यात मटकन खाली बसली, तिला खुर्चीत घालून न्यावं लागलं.

त्याच आठवड्यात सरांनी वर्गात एका आचारिणीची गोष्ट सांगितली. शंभरेक वर्षांपूर्वीची, खरी. बाई धडधाकट, कधी आजारी नाही, पण ज्या ज्या घरी कामाला राही तिथे टायफॉइड निघे. जंतू तिच्या पोटात मुक्कामाला आणि तिला त्याचा पत्ता नाही. तिला धरून एका बेटावर ठेवली, आणि अखेर ती तिथेच गेली. "शिजवलेल्या जेवणातून जंतू जात नाहीत," सर म्हणाले. "थंड, कच्चं, हाताळलेलं असं काहीतरी लागतं. त्या बाईच्या बाबतीत ते फळं घातलेलं आइस्क्रीम होतं म्हणतात."

 बिट्टीने मान खाली घातली, आणि तास संपेपर्यंत वर केली नाही.

पण एकदा डोक्यात किडा शिरला की तो कुठला गप्प बसतो? पंपवाल्याची शिष्या ना ती. संध्याकाळी जेवणघरात टेबलाटेबलाशी जाऊन तिने पोरींना विचारायला सुरुवात केली. तू सॅलड खातेस? आणि ती आजारी पडलेली, ती खायची?  कच्चं नको म्हणून सॅलडला हात न लावणाऱ्या पोरी सगळ्या ठणठणीत होत्या. आजारी पडलेल्यांत एकही अशी नव्हती जी ते खात नव्हती. कोपऱ्यातून मावशी ओरडली, "जेवताना उगाच काय फिरतेस गं, शहाणे? बस आधी." आणि तिच्या ताटात हाताने काकडी वाढली. बिट्टीने ती खाल्ली. भीतीने नाही, लाजेने खाल्ली.

आता खरी शिष्या असती तर तिथल्या तिथे उठून सांगितलं असतं. ही नाही उठली. आपलं चुकतही असेल, असं तिने स्वतःला समजावलं. सर्वेक्षण अपुरं आहे, नमुना लहान आहे, असले शब्द तिला त्या दिवसांत फार उपयोगी पडले. मावशीची नोकरी जाईल, खोली जाईल, साऱ्या पोरींसमोर तिची नाचक्की होईल. रात्री भिंतीवरचे म्हातारे तिच्याकडे बघत राहायचे. एकदा उठून तिने पंपवाल्याला वहीचं पान चिकटवून झाकलं.

मग जिराफ गेली. आतडं फुटलं, शस्त्रक्रिया झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. तिचे वडील सामान न्यायला आले. ते तेवढेच उंच होते, दारातून वाकून आत शिरले. मुलीची पादत्राणं हातात घेतली, आणि म्हणाले, "तुमच्या त्या मावशींच्या हातचं फार आवडायचं तिला. फोनवर सांगायची."

बिट्टी त्याच पावली भटारखान्यात गेली. मावशी डोळ्यांना पदर लावून काकड्या सोलत होती.

"मावशी, सुरी ठेव."

"का? काय झालं?"

"तुझी तपासणी करायची आहे."

आणि मग तिने सगळं सांगितलं. त्या आचारिणीचं, टेबलांचं, सॅलडचं. सांगताना मध्येच तिला जाणवलं की आपण वर्गात बोलतो तशा, छापील भाषेत बोलतोय, पण दुसरी कुठली भाषा सापडत नव्हती. मावशी ऐकत होती. आधी तिला हसू आलं, मग राग आला.

"म्हणजे ते लेकरू मी मारलं म्हणतेस?"

"तसं नाही गं. तुला कुठे माहीत होतं?"

"तुला कधीपासून माहीत आहे?"

 मावशीने तिच्याकडे एकदाच पाहिलं. मग काकड्यांची परात उचलली, कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "चल. कुठे जायचं ते दाखव."

इस्पितळातली डॉक्टर तरुण होती, बोलायला मऊ होती. पूर्वी कधी लांबलेला ताप आला होता का, असं तिने विचारलं.

"मला? मी आडवी पडले असते तर घर कुणी बघितलं असतं? ताप आला होता हिला. पाचवीत असताना. महिनाभर अंथरुणात. हगणं-मुतणं सगळं मीच केलं. हिच्या ताटातलं उरलेलं मीच खायची, टाकवायचं नाही म्हणून."

डॉक्टरची लिहिता लिहिता नजर वर गेली, ती सरळ बिट्टीकडे. तो ताप कसला असेल, हे बिट्टीच्या ध्यानात आलं. मावशीला अजून काहीच उमगलं नव्हतं, ती आपली भाचीच्या दुखण्याचं कौतुकाने सांगत होती, पोरगी किती सोसायची ते.

"आता ते सिद्ध करता येणार नाही," डॉक्टर नंतर बाहेर बिट्टीला म्हणाली. "संसर्ग कुठूनही झालेला असू शकतो."

कुठूनही. असल्या शब्दाने माणसाची झोप परत येत असती तर काय हवं होतं.

तपासणीत जंतू निघाले. असे जंतू वर्षानुवर्षं पोटात दबून राहतात आणि मधूनच बाहेर पडायला लागतात, असं डॉक्टर म्हणाली. रेक्टरबाईंनी एका दिवसात मावशीचा हिशेब मिटवला, आणि खोली रिकामी करायला सांगितली. पोरी गॅलरीत उभ्या राहून बघत होत्या. कालपर्यंत जिच्या मागे मागे 'मावशी, अजून थोडं' करत फिरायच्या, तिच्या ट्रंकेला हात लावायला एक जण पुढे आली नाही. ट्रंक बिट्टीने आणि मावशीने दोन बाजूंनी धरून नेली.

भाषणं ठरलेल्या दिवशीच झाली. सरांनी तिची ओळख करून दिली. "पंपाचा दांडा काढणाऱ्याबद्दल आपण पुस्तकात वाचतो. यंदा आपल्याच वर्गात तशी एक मुलगी निघाली." टाळ्यांचा कडकडाट झाला. वसतिगृहातली आचारीण म्हणजे तिचीच मावशी, हे सरांना ठाऊक होतं, आणि त्यांच्या लेखी त्यामुळे तर ही गोष्ट अधिकच थोर झाली होती. घ्या.

बिट्टी उभी राहिली. घोटलेलं भाषण जिभेवर तयार होतं आणि तिला त्याची शिसारी आली. हातधुव्याबद्दल ती दोन वाक्यं बोलली. मग म्हणाली, "बेटावरच्या त्या आचारिणीचं चित्र कुणी भिंतीवर लावत नाही. मीही लावलं नाही." सभागृहाला वाटलं, पुढे काहीतरी येणार. तिला एवढंच सुचत होतं की पंपवाला दांडा काढून घरी गेला असेल, त्याने हातपाय धुतले असतील, जेवला असेल. त्या पंपाने त्याला लहानाचं मोठं केलं नव्हतं. हे बोलणं तिला जमलं नाही. आभार मानून ती खाली बसली आणि तरीही तिला पहिलं बक्षीस मिळालं.

त्या दिवशी तिने भिंतीवरचे म्हातारे उतरवले. फाडले नाहीत, तेवढा राग तिला त्यांचा नव्हता. गादीखाली सरकवून ठेवले आणि वसतिगृह सोडून ती मावशीकडे राहायला गेली.

मावशीने गल्लीच्या टोकाला, एका दुकानावरची खोली घेतली होती. चार खानावळींत ती काम मागायला गेली, पण बातमी तिच्या आधी पोचलेली असायची. शेवटी एका लाँड्रीत इस्त्रीचं काम मिळालं. औषध सुरू होतं. महिनाभर गोळ्या, मग पुन्हा पुन्हा तपासण्या. घरात तिने कुणी न सांगता स्वतःचं ताट, पेला, टॉवेल, साबण वेगळा केला. स्वयंपाक बिट्टी करायची, आणि करपवायची. मावशी उंबऱ्यापाशी बसून लांबूनच सांगायची, आच कमी कर, आता मीठ घाल. चुलीजवळ येत नव्हती. पूर्वी रविवारी बिट्टीच्या डोक्याला तेल चोपडायची, तेही बंद झालं. "अगं, तेलाने काही होत नाही," असं बिट्टीने शास्त्राधारे सांगून पाहिलं. "राहू दे," मावशी म्हणाली.

जिराफचा विषय दोघी काढत नसत. आणि पाचवीतल्या तापाचाही नाही. मावशीला ते कळलं होतं की नाही, हे विचारायची बिट्टीची छाती झाली नाही.

आणि मग, एकामागोमाग एक, तपासण्या साफ येत गेल्या. शेवटची आली तेव्हा डॉक्टर म्हणाली, "झालं. आता यांच्यापासून कुणालाही धोका नाही." बिट्टी तो कागद घेऊन जिना धावत चढली.

"मावशी, सुटलीस. पूर्ण साफ."

मावशीने कागद उलटसुलट करून पाहिला. मग हसली, कित्येक महिन्यांनी. "खरंच ना गं?" तिने पुन्हा विचारलं, आणि बिट्टीने शपथेवर सांगितलं. मावशी उठली. मोरीत जाऊन हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, मनगटापर्यंत, अगदी शिकवल्यासारखे. कोरडे केले. टोपलीतून एक संत्रं घेतलं, सोललं, एकेक पांढरी शीर काढली आणि एक फोड बिट्टीसमोर धरली.

"घे."

बिट्टीचा हात पुढे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

निमिषभरच. डोक्याला सगळं ठाऊक होतं, कागद समोरच होता. हाताला ठाऊक नव्हतं. तिने तो लगेच पुढे रेटला, पण मावशीने पाहिलं होतं. मावशीने ती फोड स्वतःच्या तोंडात टाकली.

"आंबट निघालं बघ," ती म्हणाली. "तू नको खाऊस, घसा धरेल."

"दे ना, मावशी."

"नको म्हटलं ना."

ती खिडकीकडे तोंड करून बसली आणि सगळं संत्रं, एकेक फोड करत, एकटीने खाल्लं. एकदाही तोंड वाकडं झालं नाही. बिट्टी शेजारी बसून बघत राहिली.