डब्यावरची खालची ओळ

फुलपात्राच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं – सौ. क्रांती संग्राम, १२ मे २०१४ – चहा पिताना दीक्षाच्या अंगठ्याला रोज लागायची. ह्या घरातल्या सगळ्याच भांड्यांवर क्रांती होती. पातेल्यांवर, परातीवर, पार चमच्यांच्या दांड्यांवरसुद्धा... क्रांतीला जाऊन चार वर्षं झाली, दीक्षाला संग्रामशी लग्न करून येऊन आठ महिने, आणि ह्या आठ महिन्यांत क्रांतीच्या तेजस्वीनं, नऊ वर्षांच्या त्या पोरीनं, तिला एकदाही कुठल्या नावानं हाक मारली नव्हती. "ऐक की." बस्स, एवढंच.

"अगं, चहा निवला की!" सासूबाई, मीनाबाई, ओट्यापासून ओरडल्या. "त्या डबड्यात काय एवढं बघत बसलीयास?"

डबड्यात, म्हणजे लॅपटॉपमध्ये, तिच्या ऑफिसच्या कामाचा आराखडा उघडा होता. मोठ्या यंत्राच्या पोटात चालणाऱ्या आभासी यंत्राला, ते चालू असतानाच, आणखी एक प्रोसेसर जोडायचा – एका घडणीच्या यंत्रात हे जमतं, पाहुणा आला की पंगतीत सरकून जागा करतात तसं. दुसऱ्या घडणीचं मात्र मुलखाचं हट्टी: सुरू होताना एकदा डोकी मोजणार, आणि मागाहून आलेल्याला ओळखसुद्धा दाखवणार नाही. दीक्षानं तोड काढली होती – पहिल्या मोजणीतच पुढं येणाऱ्यांच्या जागा लिहून ठेवायच्या, बंद करून. कुणी आलं की त्या नुसत्या जाग्या करायच्या. त्यावर तिच्या वरिष्ठानं, धैर्यशीलनं, शेरा मारला होता: जो आलाच नाही, कदाचित येणारही नाही, त्याची जागा आधीपासून कशासाठी सोडायची? बाराच्या आत उत्तर हवं होतं, आणि ही बया तेजस्वीच्या जेवणाच्या डब्याचा विचार करत बसली होती.

काय अवदसा आठवली काल! पापाच्या तिकटीजवळच्या भांड्यांच्या दुकानात तेजस्वीसाठी नवा डबा घेतला, दुकानदारानं कोरायचं यंत्र हातात धरून विचारलं, "नाव काय घालू, ताई?" – आणि जीभ टाळ्याला चिकटली. आपलं घालावं तर पोरीला काय वाटेल... "क्रांती संग्राम घाला." "खाली तारीख?" "नको." कुठली तारीख सांगणार? सकाळी तेजस्वीनं नाव वाचलं, डबा दप्तरात कोंबला आणि शाळेला गेली. आईच्या नावाला हिनं हात लावला, असं वाटलं असेल का तिला? मी एवढी भिते कशाला, एवढ्याशा पोरीला? पण भिते. जीव जडलाय, म्हणून भिते.

साडेअकराला तेजस्वी आली, चपला भिरकावल्या आणि डबा लॅपटॉपशेजारी आदळला.

"ऐक की. आईचं नाव कशाला घातलंस? ह्यो डबा आईनं घेतला न्हाय. तू घेतलास."

"चुकलं गं माझं," दीक्षा पुटपुटली.

"पर खाली जागा सोडलीस ती बरी केलीस. तुझ्यासाठीच सोडल्तीस न्हवं?"

क्रांती संग्राम – आणि त्याखालच्या मोकळ्या ओळीत, कर्कटकानं खरवडलेलं, वाकडंतिकडं: दी.

"फुडचं अक्षर लई अवघड हाय. टोक मोडलं. उद्या करते." आणि "आज्जी, भूक!" करत ती आत पळाली.

हो म्हणायचं राहूनच गेलं. खरं तर जागा सोडली नव्हतीच, तारीख तेवढी टाळली होती... की सोडली होती? जीभ टाळ्याला चिकटलेली असताना आतून कुणी म्हणालं असेल का – राहू दे खाली थोडं मोकळं? दीक्षाला कळेना. हाक तर पोरीनं अजून मारलीच नव्हती. उद्या मारेल, न मारेल. धैर्यशीलच्या शेऱ्याखाली कर्सर लुकलुकत होता, बाराला दहा कमी होते, आणि ती त्या अर्ध्या नावावरून अंगठा फिरवत बसली होती; कडेला धार होती, बोटाला लागत होती, तरी तिनं हात काढला नाही.