पन्नास कपांना अर्धा किलो

दीप्ती परबला भाषण करायची खोड होती. घाटकोपरच्या पंतनगरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. बारसं असो, हळदीकुंकू असो, नाहीतर एखाद्या मंडळाची सभा असो, तिचा मोठा स्टीलचा थर्मास टेबलावर आला की शेजारी पाटी लागायची. 'घोटभर. शेतकरणीला पूर्ण दाम, तुम्हाला निखळ कॉफी.' मग ती दोन मिनिटं बोलायची. ही कॉफी ओडिशातल्या कोरापुटच्या डोंगरातली. तिथल्या बायकांचा गट आहे, सोमबारी नावाची बाई त्यांची पुढारी. मध्ये व्यापारी नाही. भाव आधी ठरतो, आणि उद्या बाजार पडला तरी आम्ही शब्द फिरवत नाही. लोक शांतपणे ऐकून घ्यायचे, कारण कप त्यानंतरच हातात मिळायचा.

पहिलं वर्ष वाईट गेलं. भाषणाला टाळ्या पडायच्या आणि कॉफी अर्धी उरायची. "चांगलं काम करताय हो, पण पातळ लागते," असं बायका कानात सांगायच्या. एका साखरपुड्यात नवऱ्यामुलाच्या काकांनी कप कुंडीत ओतलेला दीप्तीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. त्या दिवशी ती घरी येऊन रडली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चार सोसायट्यांच्या पायऱ्या चढली. मुलगी चिवट होती, एवढं मान्य करायलाच हवं.

मग जानेवारीपासून नशीब पालटलं. कॉफी दाट झाली, काळीभोर झाली, लोक दुसरा कप मागू लागले. महिन्याला दहा कामं यायची ती वीस यायला लागली. दीप्तीला वाटलं, भांडुपच्या कॉफी भाजणाऱ्याला एकदाचं बियांचं तंत्र जमलं. तिने त्याला पेढ्यांचा पुडा पाठवला. त्या शहाण्या माणसाने कशाबद्दल म्हणून विचारलं नाही, पेढे खाल्ले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

घरात कामाची वाटणी सरळ होती. ऑर्डर, हिशेब, भाषण दीप्तीकडे. पावडरचे डबे, मोठा फिल्टर आणि त्यातून डिकॉक्शन, म्हणजे अर्क, काढणं सासूकडे. मालन परब सदुसष्ट वर्षांची, हाडाची काटक. नवरा धाकू कापडगिरणीत साचा, म्हणजे माग, चालवायचा. गिरण्यांचा संप झाला तेव्हा लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा तोंडं होती आणि चूल पेटवायची जबाबदारी चोवीस वर्षांच्या मालनवर होती. एका नारळाचं वाटण ती दोन दिवसांवर पुरवायची. आमटीला पाणी, भाकरीला कोंडा, चहाला कालचीच पावडर. त्या खोलीतलं कुणी उपाशी झोपलं नाही, हा तिचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी सोमबारीचा फोन आला. दीप्ती मोठ्या खुशीत होती, कारण दुसऱ्या दिवशी शिवतेज संकुलात सभा होती. पाच इमारतींचं संकुल, वर्षभराच्या सगळ्या कार्यक्रमांचं चहापाणी कुणाला द्यायचं ते तिथे ठरायचं होतं. पाडव्याला त्यांनी दीप्तीची कॉफी प्यायली होती. सेक्रेटरी चंद्रप्रकाश राणे निघताना म्हणाले होते, "हीच चव आणा, वर्ष तुमचं."

सोमबारी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायची, पण नेमकं बोलायची. तिचं म्हणणं असं होतं. "दीदी, तुम्ही सांगितलं की काम दुप्पट झालं. म्हणून गटाने यंदा तुमच्यासाठी तीनच्या जागी सहा पोती ठेवली. व्यापारी दोनदा येऊन गेला, त्याला नाही म्हटलं. पण तुम्ही तर तेवढीच मागताय. पाऊस लागला की माल ओल धरेल. काम दुप्पट झालं, मग कॉफी तेवढीच कशी लागते?"

त्यात टोमणा नव्हता. सोमबारीला खरंच कळत नव्हतं. दीप्तीलाही कळेना. ती म्हणाली, "पाच मिनिटांत सांगते," आणि स्वयंपाकघरात गेली. मालन ओट्याशी उभी राहून फिल्टर घासत होती.

"आई, पन्नास कपांना पावडर किती घालता तुम्ही?"

"दोनशे ग्रॅम."

"दोनशे? मी अर्धा किलो सांगितलं होतं!"

"अर्धा किलो कोण घालतं गं? आधी चारशे घालायची. लोक पातळ पातळ करायला लागले, मग खालच्या मजल्यावरच्या अय्यर मामी म्हणाल्या, चिकोरी घाला, मुळाची स्वस्त पावडर असते ती. माटुंग्याहून आणली. दोनशे कॉफी, दोनशे चिकोरी. झकास रंग येतो. लोक बोटं चाटतायत ना?"

म्हणजे दीप्तीचं पहिलं वर्ष बुडालं ते हात आखडल्यामुळे, आणि दुसरं तरलं ते भेसळीमुळे. पूर्ण मापाची कॉफी या पंतनगरात आजवर कुणी चाखलीच नव्हती, आणि ती मात्र दोन वर्षं निखळ निखळ म्हणून कंठशोष करत होती. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

"आई, पाटीवर काय लिहिलंय आपण?"

"पाटी तुझी. डबे माझे." मालनचा आवाज चढला, आणि चढला की त्यात मालवण यायचं. "मी काय इख घातलंय काय गो? पुरवलंय. सगळा आयुष्य मी पुरवीतच इलंय. माझ्या पुरवण्यार तुझो घोव वाढलो!"

"तुम्ही आपल्या पोटाला चिमटा काढून पुरवलंत, आई. हे सोमबारीच्या ताटातलं काढून पुरवलंय. तिच्या तीन पोत्यांच्या जागी चिकोरी गेली."

दीप्तीने तिथेच उभं राहून फोन लावला आणि सोमबारीला सगळं जसंच्या तसं सांगितलं. सांगताना तिचे कान तापले होते. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

"मग जादा तीन पोत्यांचं काय करू, दीदी?"

"ठेवा. सहाच्या सहा माझी."

तोंडातून निघून गेलं खरं. पण पूर्ण मापाला भाव वाढवावा लागणार, चिकोरीची चव गेली की निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं गळणार, आणि उरलेल्यांत तीन पोती खपली तरी पुष्कळ. उद्या संकुलाचं वर्षाचं काम हातात आलं तरच सहा पोती खपणार होती, आणि उद्या लोकांना पाडव्याचीच चव हवी होती.

"आणि लोकांनी थुंकली मग?" मालनने विचारलं.

"थुंकू दे. पण कॉफीच थुंकतील."

मालनने कमरेची, पावडरच्या कपाटाची किल्ली काढली, ओट्यावर ठेवली आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. दीप्तीचा नवरा नितेश ड्यूटीवर जाताना दोघींच्या मधून चोरपावलांनी निघून गेला. नवरे अशा वेळी फार चटकन बूट घालतात.

रविवारी पहाटे पाचला दीप्ती उठली. दीडशे कपांचं काम, म्हणजे दीड किलो पावडर. तिने डबा उघडला, काटा ठेवला आणि चमच्याने पावडर काढायला लागली. चारशे, आठशे, हजार. डोळ्यांसमोर तो कुंडीत ओतलेला कप येत होता. कडू लागली तर? म्हातारी माणसं असतात, झोप जाते म्हणाली तर? सव्वा किलोवर काटा आला, तेवढी तिने फिल्टरमध्ये ओतली आणि डब्याला झाकण लावलं.

"पाव किलो कमी आहे."

मालन दारात उभी होती. झोपलेली नव्हतीच ती.

"लोकांना सोसणार नाही, आई. थोडी कमीच..."

"हात आखडायचा तर माझ्याकडून शीक. तुला नीट आखडता पण येत नाही." मालनने तिच्या हातातून डबा घेतला. "काल मला एवढं बोललीस ना? मग घाल आता पूर्ण."

तिने डबा फिल्टरवर कलता केला. पाव किलो पावडर पडायला किती वेळ लागतो? मालनला फार वेळ लागला. चाळीस-पंचेचाळीस वर्षं जो हात शेवटच्या मुठीला थांबत आला, तो थांबायला बघत होता आणि ती त्याला थांबू देत नव्हती. शेवटी ती शेवटची मूठही पडली, तेव्हा तिने पदराने कपाळ पुसलं. दीप्तीला वाटलं, वाकून पाया पडावं. पण तेवढा वेळ नव्हता. तिने दूध तापत ठेवलं.

संकुलाच्या सभागृहात नऊ वाजता शंभर-सव्वाशे माणसं जमली. मागच्या टेबलावर थर्मास, कागदी कप, आणि थर्मासमागे मालन. दीप्ती पुढे गेली. आज पाटी लावली नव्हती.

"पाडव्याला तुम्हाला जी कॉफी आवडली," ती म्हणाली, "ती निम्मी कॉफी होती आणि निम्मी चिकोरी. मी निखळ म्हणून सांगितलं आणि तसं नव्हतं. आज जी आणलीय ती पूर्ण कॉफी आहे. चव वेगळी लागेल. आवडली तरच वर्ष द्या."

खुर्च्या करकरल्या.

"म्हणजे फसवलंत की सरळ!" पहिल्या रांगेतला एक गृहस्थ उसळला. राणे चष्मा काढून पुसू लागले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"तिने नाय फसवलं. मी." थर्मासमागून आवाज आला. मालनने आयुष्यात कधी सभेत तोंड उघडलं नव्हतं. तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. "चिकोरी मी घातली. तिला ठाऊक नव्हतं. संपात माझ्या घरात दाणा नव्हता, तेव्हापासून हा हात असा झालाय. पूर्ण माप घालायला घाबरतो. मला वाटायचं, आपण पुरवतो, म्हणजे चांगलंच करतो. ती कोण बाई तिथे डोंगरात राबते, तिचं कमी होतंय हे मला कुठे दिसत होतं? आज पहिल्यांदा पूर्ण घातलीय. कडू वाटली तर मला बोला. पोरीला नको."

त्या सभागृहातली निम्मी घरं संपानंतर परळ-लालबागहूनच उठून आलेली होती. पहिल्या रांगेतला गृहस्थ खाली बसला. मागच्या रांगेतून एक आजी उठल्या, तरातरा टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "भर गं. बघू तरी पूर्ण म्हणजे काय ते."

मालनने भरला. मग रांग लागली.

सगळ्यांनाच आवडली असं सांगितलं तर ते खोटं होईल, आणि खोटं सांगून आत्ताच एवढं रामायण झालं आहे. काहींनी तोंड वाकडं केलं. एक आजोबा म्हणाले, "पाडव्याची बरी होती." पण कुणी कप कुंडीत ओतला नाही, दीप्ती तिथल्या तिन्ही कुंड्यांवर लक्ष ठेवून होती. आणि ज्यांना आवडली त्यांना फार आवडली. त्या आजी कप नाकाशी धरून बराच वेळ नुसता वास घेत बसल्या.

राणेंनी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. मग समितीच्या चार माणसांशी कोपऱ्यात बोलून ते परत आले.

"भाव तोच?"

"नाही. कपामागे चार रुपये जास्त. पूर्ण माप आहे."

"हे बघा ताई, वर्ष नाही देता येणार. पाडव्याला तुम्ही आम्हाला वेगळंच पाजलंत, ते तुमच्या तोंडून ऐकून लगेच वर्ष दिलं तर लोक मला धरतील. तीन महिने देतो, वाढीव भावाने. चव अशीच राहिली तर पुढचं बघू."

तीन महिने म्हणजे जेमतेम एक पोतं. पण दीप्तीने मान ताठ ठेवली. "चालेल. माप कमी दिसलं तर अर्ध्यात काढा," ती म्हणाली आणि राणेंनी पुढे केलेल्या कागदावर सही केली.

बाहेर आल्या तेव्हा ऊन चढलं होतं. थर्मासमध्ये दहा-बारा कप उरले होते. दीप्ती फुटपाथवर टेकली. तिला रडायला येत होतं, आणि रडावं असं काही झालंही नव्हतं.

"जुन्या गिऱ्हाइकांची तीन धरू," मालनने बोटांवर मोजलं. "हे एक झालं. चार. सोमबारीला सहा बोललीस ना?"

"बोलले. आई, मी घाईत बोलले. पावसाला महिना पण नाही राहिला. उद्या तिला..."

"उद्या काय? शब्द दिलास तू. पाणी घालून चारची सहा व्हायची नाहीत. मी करून बघितलंय."

एवढं बोलून मालनने थर्मास उचलला. तो तिला झेपत नव्हता, तरी सुनेला हात लावू दिला नाही. रस्ता ओलांडून ती समोरच्या नव्या टॉवरच्या फाटकापाशी पोचली आणि थर्मास दाणकन वॉचमनच्या टेबलावर ठेवला. तो बिचारा दचकून उभा राहिला. मालनने एक कप काठोकाठ भरून त्याच्या हातात दिला.

"आधी पी," ती म्हणाली. "आणि मग तुमच्या सेक्रेटरीला खाली बोलाव. दोन पोती उरलीत."